शाळेतील इंग्रजी लेखन : अपेक्षा आणि आपली तयारी

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





दहावीला बसणाऱ्या मुलांना इंग्रजी विषयाबाबत चार शब्द सांगावेत, अशी सूचना मंडळाच्या कार्यकर्त्यांनी केली. मी शिक्षक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. तरीही हा विषय मी आनंदाने स्वीकारला. इंग्रजीच्या तासाला शाळेत जे लिहून घेतात त्याचे पुढे काय होते, हे मला काउंटरवर बसून रोज दिसते. दहावी-बारावी झालेली, कधी कधी पदवीधर झालेली मुलेही शैक्षणिक कर्जासाठी किंवा हरवलेल्या पासबुकासाठी अर्ज करायला येतात आणि कोरा कागद पुढे सरकवून म्हणतात, "काका, तुम्हीच सांगा, काय लिहू?" गुणपत्रिकेत इंग्रजीला साठ-सत्तर गुण असतात, पण स्वतःच्या मनातली चार वाक्ये कागदावर येत नाहीत. मराठीत अर्ज दिला तरी चालतो, असे मी त्यांना सांगतो. तेव्हा लक्षात येते की अडचण केवळ इंग्रजीची नाही, स्वतःचे म्हणणे स्वतः मांडण्याची सवयच लागलेली नाही.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी शिकवले जाते. माझ्या पिढीला ती भाषा पाचवीत भेटली. म्हणजे आजच्या मुलाच्या हाती दहावीपर्यंत चार वर्षे जास्त असतात. मराठी माध्यमाच्या मुलांची इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते, तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण असतात. लेखी परीक्षेत पत्र, संवाद किंवा भाषण, तक्ता वा आकृतीवरून परिच्छेद, बातमी किंवा कथा हे प्रश्न प्रत्येकी ५ गुणांचे येतात. उताऱ्याचा सारांश आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर यांनाही ५-५ गुण आहेत. एकूण ३० गुण झाले. हे गुण धड्याच्या पाठांतरावर मिळत नाहीत. समोर मुद्दे दिलेले असतात, त्यावरून मुलाने स्वतः लिहावे अशी अपेक्षा असते.

प्रत्यक्षात काय घडते? मुले गाईड आणतात, 'अपेक्षित'चे संच आणतात. त्यातले सहलीचे पत्र, वृक्षारोपणाची बातमी, स्वच्छतेवरचे भाषण घोकून ठेवतात. परीक्षेत रक्तदान शिबिराची बातमी आली तर पाठ केलेल्या बातमीत फक्त 'वृक्षारोपण' काढून 'रक्तदान' घालतात. मग रक्तदात्यांना खड्डे खणून पाणी घालण्याची पाळी येते! आपण हसतो, पण यात दोष केवळ मुलाचा नाही. स्वतः लिहिलेले चुकले तर लाल शाईच्या रेघा मिळतात आणि गाईडमधले उतरवले तर 'छान' असा शेरा मिळतो, हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते.

शिक्षकांची बाजूही आपण समजून घेतली पाहिजे. वर्गात ६० मुले असतील आणि एका वहीला ५ मिनिटे द्यायची म्हटली, तर एका वर्गाचा एक निबंध तपासायला ३०० मिनिटे, म्हणजे पूर्ण ५ तास लागतात. असे तीन-चार वर्ग एका शिक्षकाकडे असतात. मग फळ्यावर एक नमुना लिहून दिला जातो आणि साठ वह्यांत तोच उतरतो. तपासणे सोपे होते, लिहिणे मात्र एकाच जणाचे झालेले असते.

आता विद्यार्थी मित्रहो, तुमच्या चुकांविषयी बोलतो. चूक झाली म्हणजे आपल्याला बुद्धी कमी आहे, असे कृपया समजू नका. बहुतेक चुकांना कारण असते आणि ते आपल्या मातृभाषेत सापडते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून गावाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू करायचे राहून जाते. मराठीत 'ए', 'ॲन', 'द' यांच्यासारखी उपपदे नाहीत, म्हणून ती गळतात. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. 'मी उद्या पुण्याला जाईन' हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून लिहिले की 'आय टुमॉरो पुणे विल गो' असे होऊन बसते. आपले 'घरात', 'घरावर', 'घराकडे' हे प्रत्यय शब्दाला मागून चिकटतात, इंग्रजीत तेच काम करणारे शब्द पुढे आणि सुटे उभे राहतात. ही चार कारणे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्य या चार प्रश्नांवर घासून पाहा. निम्म्या चुका तुमच्या तुम्हालाच सापडतील.

पत्राविषयी मला विशेष सांगायचे आहे. पत्राचा आराखडा ठरलेला आहे : आपला पत्ता, तारीख, ज्यांना लिहायचे त्यांचा हुद्दा व पत्ता, विषय, संबोधन, मजकूर, शेवट आणि सही. 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असे संबोधन असेल तर शेवटी 'युवर्स फेथफुली', नावाने संबोधन असेल तर 'युवर्स सिन्सिअरली'. हे एकदा ध्यानात ठेवले की झाले. परंतु मजकुरात अजूनही एक जुने वाक्य हटकून येते : 'आय बेग टू स्टेट'. बेग म्हणजे भीक मागणे. हे वाक्य साहेबाच्या राज्यातल्या कचेऱ्यांत रुळले आणि नमुन्याच्या पुस्तकांतून आजतागायत उतरत आले. गल्लीत पाणी येत नाही म्हणून महापालिकेला पत्र लिहिणारा नागरिक भीक मागत नसतो. त्याने फक्त सांगायचे असते की काय घडले, केव्हापासून, किती लोकांना त्रास होतो आणि काय करावे. 'आय राइट टू इन्फॉर्म यू' एवढे पुरेसे आहे. सभ्य भाषा जरूर ठेवा, पण लाचारी ठेवू नका. ज्या समाजाला शतकानुशतके अर्जच करू दिला नाही, त्याच्या मुलांनी तर हा फरक पहिल्या पत्रापासून शिकायला हवा.

लिहायचे कशावर, असा प्रश्न मुले विचारतात. ज्या मुलाने समुद्र पाहिलेला नाही त्याला 'समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ' लिहायला सांगितले की तो गाईड उघडणारच. त्यालाच गल्लीतल्या नळावर लिहायला सांगा. 'अवर लेन हॅज वन टॅप. द वॉटर कम्स ॲट फाइव्ह इन द मॉर्निंग. फॉर्टी फॅमिलीज यूज इट.' तीन छोटी वाक्ये, पण त्याची स्वतःची. यातूनच उद्या तक्रारीचे पत्र होते, बातमी होते, नळावरच्या दोन बायकांचा संवाद होतो. आई भाकरी कशी करते ते क्रमवार लिहिले की कृती लिहिण्याचा सराव झाला. तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्यासाठी घरातले पासबुक घ्या. महिन्यात किती जमा झाले, किती काढले, शिल्लक किती राहिली, हे पाच वाक्यांत लिहा. माझ्या धंद्यातले उदाहरण आहे म्हणून सांगतो, पण परीक्षेतला प्रश्न याहून वेगळा नसतो.

मित्रहो, विद्यार्थ्याचे लेखन ही क्षुल्लक गोष्ट नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील मुक्ता ही मांग समाजातील विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो मराठीत होता. शाळकरी मुलीने पाहिले-सोगले तेच लिहिले आणि आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो निबंध वाचला जातो. दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. त्या वेळी ते २५ वर्षांचे विद्यार्थी होते. तो निबंध १९१७ साली 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आधीच्या विद्वानांची मते एकेक करून तपासली आणि मग स्वतःचे मत मांडले. दुसऱ्याचे वाचायचे, पारखायचे आणि मग आपले लिहायचे, हा क्रम आठवी-नववीच्या वहीतही पाळता येतो.

आजही याची गरज पडते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. परंतु परदेशी विद्यापीठात प्रवेश मागताना आपण कोण, काय शिकलो, पुढे काय करायचे आहे, हे पान-दोन पानांत स्वतः लिहून द्यावे लागते. त्याचे गाईड बाजारात मिळत नाही, आणि कुणाचे उतरवले तर ते ओळखू येते. ते पान लिहिण्याची तयारी बाविसाव्या वर्षी सुरू करून भागत नाही.

पालकांना माझी विनंती आहे. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून वहीकडे पाठ फिरवू नका. संध्याकाळी मुलाला विचारा, "आज काय लिहिलेस ते मला मराठीत सांग." त्याला सांगता आले तर ते त्याचे आहे. सांगता आले नाही तर ते उतरवलेले आहे. एवढी तपासणी निरक्षर आईसुद्धा करू शकते, आणि शिक्षकांना साठ मुलांमागे ती करणे शक्य नसते.

शेवटी मंडळापुढे एक कार्यक्रम ठेवतो. दर रविवारी सकाळी दोन तास आठवी ते दहावीच्या मुलांना एकत्र बसवावे. विषय त्यांच्या राहणीतला द्यावा. पहिल्या अर्ध्या तासात मुलांनी त्यावर मराठीत बोलावे, पुढच्या अर्ध्या तासात दहा वाक्ये इंग्रजीत लिहावीत. मग शेजाऱ्याची वही घेऊन वाचावी आणि जिथे अर्थ लागला नाही तिथे पेन्सिलीने खूण करावी. राहिलेल्या वेळात तेच पुन्हा नीट लिहावे. आपल्यापैकी नोकरी करणाऱ्या पदवीधरांनी पाळीपाळीने येऊन वह्या पाहाव्यात. एका वेळी दोनच प्रकारच्या चुका दाखवाव्यात, सगळे पान लाल करू नये. एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश आणि पन्नास वह्या एवढाच खर्च आहे. पहिल्या रविवारी मी स्वतः येईन आणि वह्यांचा खर्चही माझ्याकडे राहील.

विद्यार्थी मित्रहो, गुण मिळवा, भरपूर मिळवा, त्याबद्दल दुमत नाही. परंतु उद्या माझ्या किंवा कुणाच्याही काउंटरवर याल तेव्हा कोरा कागद पाहून थांबू नका. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, पण स्वतः लिहा आणि खाली स्वच्छ अक्षरात सही करा.