गाडीतली दुसरी बॅटरी

रामनवमीच्या सुमारास मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला गेलात, तर सेवालाल महाराजांच्या दर्शनाला दूरदूरच्या गावांहून, तेलंगणा-कर्नाटकातूनही बंजारा कुटुंबे आलेली दिसतात. यांचे पूर्वज लदेणीचे बैल हाकीत मुलूखभर फिरले. आज टेंपो किंवा जीप येते, आणि मुक्काम पडला तर तीच गाडी रात्रीपुरते घर होते. अशा राहत्या गाडीला शहरात कॅरव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये तिच्या पर्यटनाचे धोरणही आखले. वाशिम जिल्ह्याला ही कल्पना शिकवायला नको!

पण घर म्हटले की दिवा आला, पंखा आला, मोबाईल चार्ज करणे आले. हा सगळा भार गाडीच्या एकुलत्या बॅटरीवर पडला, की सकाळी सेल्फ मारताना नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि धक्का मारायला माणसे गोळा करावी लागतात. म्हणून लोक दुसरी बॅटरी बसवतात. बसवणे सोपे आहे. ती पहिलीला जोडायची कशी, हा खरा प्रश्न.

अधिकाला अधिक आणि उण्याला उणे कायमचे जोडून टाकले, तर दोन्ही बॅटऱ्या मिळून एकच मोठी बॅटरी होते, आणि रात्रीतून दोन्ही एकदमच उतरतात. आपल्याला हवे आहे ते वेगळेच. इंजिन चालू असेल तेव्हा अल्टरनेटरने दोघींना भरावे, आणि इंजिन थांबले की दोघींची फारकत व्हावी. पाटाच्या पाण्याला जशी झडप, तशी इथे रिले. आत एक छोटी गुंडाळी असते. तिच्यातून थोडासा प्रवाह गेला की ती लोहचुंबक बनते, पट्टी ओढते, आणि जाड पॉइंट एकमेकांना टेकतात. लहान तार हुकूम करते आणि मोठी तार काम करते. साध्या रिलेच्या बुडाशी आकडे असतात ते बघा: ८५ आणि ८६ हे गुंडाळीचे, ३० आणि ८७ हे मोठ्या प्रवाहाचे.

आता हा हुकूम घ्यायचा कुठून? चावीवरून तार घेणे सोपे, म्हणून पुष्कळ ठिकाणी तेच करतात. पण होतं काय, चावी फिरवली की रिले आधीच लागतो, आणि सेल्फ शेकडो अँपियर ओढू लागतो तेव्हा दुसरी बॅटरीही आपला वाटा त्याच रिलेमधून ढकलू लागते. पॉइंट तापून एकमेकांना चिकटतात. मग इंजिन बंद केले तरी ते सुटत नाहीत, आणि मालकाला वाटत राहते की बॅटऱ्या वेगळ्या आहेत. म्हणून हुकूम घ्यावा अल्टरनेटरच्या डी-प्लस टोकावरून. इंजिन चालून चार्जिंगचा दिवा विझला की तिथे दाब येतो. हे टोक नाजूक असते. मोठ्या रिलेच्या गुंडाळीचा भार त्याच्यावर न टाकता मध्ये एक लहान रिले ठेवावा: लहान्याने मोठ्याला हाक मारायची.

रिले निवडताना हेडलाइटचा ४० अँपियरचा घेऊ नका. दोन शेजारी-शेजारी जोडले की ८० झाले, हा हिशेबही खोटा. दोघांचे पॉइंट एकाच क्षणी टेकत नाहीत. जो आधी टेकतो तो सगळा भार झेलतो आणि आधी जळतो. सेल्फचा सोलेनॉइड दिसायला तसाच, पण तो काही सेकंदांपुरता बनवलेला असतो. तासभर लावून ठेवला तर त्याची गुंडाळी जळते. दिवसभर चालू राहू शकेल असा, १०० अँपियर किंवा अधिक क्षमतेचा रिले मागून घ्या.

केबलची कंजुषी करू नये. ६ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर तांब्याच्या तारेतून ५० अँपियर गेले, तर वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट नाहीसे होतात. अल्टरनेटर १४.२ देत असला तरी बॅटरीपर्यंत १३.५ पोचतात, ती कधी पुरती भरत नाही, आणि तार मात्र तापते. २५ चौरस मिलिमीटरमध्ये हीच घट ०.२ व्होल्टच्या आत राहते.

आणि फ्यूज. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गाडीत लेकरे झोपलेली असतात. घरच्या तारेला वीज एकाच बाजूने येते. या केबलच्या मात्र दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठे ती पत्र्याला घासून उघडी पडली, तर दोन्हीकडून प्रवाह धावत येईल, आणि एका टोकाचा फ्यूज दुसऱ्या टोकाला थोपवू शकत नाही. म्हणून फ्यूज दोन, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलला आणि १०० अँपियरच्या रिलेला फ्यूजही १०० चाच. फ्यूज वरचेवर जातो म्हणून मोठा घालणे म्हणजे तारेलाच फ्यूज करणे होय. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी वायसर घालायला विसरू नका.

शिशाची बॅटरी भरताना हायड्रोजन सोडते. अंथरुणाखालच्या बंद पेटीत ती ठेवायची असेल, तर वायू बाहेर नेणारी नळी हवीच. वैशाखातल्या आपल्या उन्हात तर जास्तच.

एक सूचना नव्या गाड्यांसाठी. एप्रिल २०२० पासून बीएस-६ ची मानके लागू झाली. अशा पुष्कळ गाड्यांचा अल्टरनेटर दाब आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो. तिथे नुसता रिले पुरत नाही. डीसी-डीसी चार्जर लागतो. लिथियमच्या बॅटरीलाही तोच बरा, कारण ती हावरी असते, अल्टरनेटरला दमवते.

काम सुरू करण्यापूर्वी बोटातली अंगठी काढा आणि दोन्ही बॅटऱ्यांची उण्याची तार सोडा. काम झाल्यावर मीटर लावून बघा. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे वेगवेगळे असावेत. पहिली भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास. इंजिन सुरू करा, रिलेचा आवाज येईल, दोन्ही आकडे १४ कडे चढतील. मग इंजिन बंद करा आणि कान देऊन ऐका. रिले सुटल्याचा आवाज आला नाही, तर दोन्ही फ्यूज काढून ठेवा आणि मगच अंथरूण घाला.