सालदार आणि रोजंदार
(हिवाळी व्याख्यानमाला, यवतमाळ : दुसरे पुष्प)



पोरगा बॅट घेऊन पोस्टल ग्राउंडवर जायला लागला की आपल्या घरात दोनच गोष्टी धरून चालतात. एक तर तो सचिन होणार, नाहीतर वाया जाणार. या दोन टोकांच्या मध्ये एक अख्खं आयुष्य असतं, बॅटिंग हीच ज्याची नोकरी आहे त्या माणसाचं. इंग्लंडमध्ये अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्यांना काउंटीचे खेळाडू म्हणतात. आज मला त्यांच्या शतकांपेक्षा त्यांच्या भाकरीबद्दल बोलायचं आहे.

शेतीच्या भाषेत सांगतो, म्हणजे फोड करावी लागणार नाही. आपल्याकडे पाडव्याला सालदाराचं साल ठरतं. एकदा ठरलं की पाऊस येवो न येवो, त्याचं वर्ष बांधलेलं. रोजानं जाणाऱ्याचं तसं नाही. काम निघालं तर मजुरी, नाहीतर बसा घरी. आता योगायोग पाहा, काउंटीचा हंगामही एप्रिलमध्ये, पाडव्याच्या आगेमागेच सुरू होतो. अठरा काउंट्या, प्रत्येकीचे करारावरचे खेळाडू. तिथला फलंदाज सालदार आहे. आपला रणजीचा फलंदाज रोजंदार आहे.

सालदारी गोड होती असा गैरसमज नको. इंग्लंडमध्ये पैसे न घेता खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारे ते नुसते ‘प्लेअर’. दोघांच्या ड्रेसिंगरूम वेगळ्या, पुष्कळ मैदानांवर फाटकंही वेगळी. धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापायची आणि प्लेअरची नंतर. एकदा फ्रेड टिटमस या व्यावसायिक खेळाडूची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली, तर लॉर्ड्‌सवर भोंग्यावरून त्याची दुरुस्ती जाहीर झाली! जातिभेद आपल्यालाच येतो असं समजू नका. १९६३च्या हंगामापासून हा भेद संपला. आपल्याकडे ‘धंदेवाईक’ हा शब्द आपण अजूनही नाक मुरडून उच्चारतो. आपल्या मनातला जंटलमन बहुधा अजून जायचा आहे.

म्हातारपणाची सोयही अजब होती. दहाएक वर्षं चाकरी झाली की काउंटी खेळाडूला एक ‘बेनिफिट’ सामना द्यायची. त्या सामन्याच्या तिकिटांचे पैसे त्याचे. १९०७ साली मिडलसेक्सच्या अल्बर्ट ट्रॉटचा असा सामना होता. पठ्ठ्यानं सॉमरसेटचे चार गडी सलग चार चेंडूंत काढले आणि त्याच डावात पुढे हॅट्‌ट्रिकही घेतली. सामना लवकर आटोपला, तिकीटविक्री बुडाली. आपल्याच हातानं आपलं पेन्शन त्यानं त्रिफळाचीत केलं.

आपली मराठी माणसंही या आखाड्यात उतरली. सुनील गावसकर १९८०मध्ये सॉमरसेटकडून खेळला. १९९२मध्ये एकोणीस वर्षांच्या सचिननं यॉर्कशायरसाठी १०७० धावा केल्या. यॉर्कशायरच्या इतिहासातला तो पहिला परदेशी खेळाडू. पण दोघांनाही ती चाकरी पोटासाठी करावी लागली नाही. मुंबईच्या इतर खेळाडूंना आधार होता टाटा, निर्लॉन, मफतलाल, स्टेट बँक यांच्या नोकऱ्यांचा. कंपनीच्या हजेरीपटावर नाव आणि टाइम्स शील्डमध्ये बॅट, ही आपली देशी सालदारी. यवतमाळात निर्लॉन नव्हती.

मग आपल्या पोरानं काय केलं? पांढरकवड्याचा अक्षय कर्णेवार घ्या. दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो म्हणून त्याचं कौतुक झालं. २०२१मध्ये मणिपूरविरुद्ध टी-ट्वेंटीत त्यानं चार षटकं टाकली, चारही निर्धाव, वर दोन बळी. मला मात्र त्याची बॅट आठवते. जानेवारी २०१९मध्ये याच यवतमाळात ब्याण्णवावं साहित्य संमेलन भरलं. त्यानंतर महिनाभरात नागपूरला रणजीची अंतिम लढत झाली. सौराष्ट्रासमोर विदर्भ ७ बाद २००. तिथून कर्णेवार शेपटाला धरून नाबाद ७३पर्यंत गेला आणि विदर्भ ३१२वर पोचला. सौराष्ट्राच्या ३०७ झाल्या. आघाडी पाच धावांची! सामना आपण ७८ धावांनी जिंकला, सलग दुसऱ्यांदा करंडक घेतला. त्याच महिन्यात इराणी सामन्यात, शेष भारताविरुद्ध, त्यानं १०२ काढल्या. आपण तेव्हा संमेलनावरून पेटलेल्या वादावर बोलत होतो. ते चुकलं असं नाही, पण हेही बोलायला हवं होतं.

आता मजुरीचा हिशेब. २०२१मध्ये क्रिकेट मंडळानं दर वाढवले. वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, चाळीसपर्यंत ५० हजार, त्यापुढे ६० हजार. आकडा ऐकून डोळे विस्फारतात. पण रणजीचे साखळी सामने २०२४-२५मध्ये सातच होते, म्हणजे अठ्ठावीस दिवस. अकरात नसलात तर निम्मे, संघातच नसलात तर काही नाही. गुडघा दुखावला की वर्ष गेलं.

या दोन व्यवस्थांच्या बांधावर उभा असलेला माणूस म्हणजे करुण नायर. २०१६मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा हा फलंदाज पुढे कर्नाटकच्या संघातही उरला नाही. २०२३च्या सप्टेंबरात नॉर्दम्प्टनशायरनं त्याला तीन सामन्यांचं काम दिलं. सरेविरुद्ध त्यानं १५० केल्या. पुढल्या उन्हाळ्यात ग्लॅमॉर्गनविरुद्ध नाबाद २०२. मधल्या काळात विदर्भानं त्याला आपला म्हटलं. २०२५च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ३ बाद २४ असताना त्यानं दानिश मालेवारला सोबत घेऊन २१५ धावांची भागी केली, दुसऱ्या डावात १३५ काढल्या आणि करंडक पुन्हा नागपुरात आला. तीन महिन्यांनी तो भारतीय संघात परतला. त्याच्या मनगटात मधल्या वर्षांत काही बिघडलं नव्हतं. त्याला फक्त नियमित काम हवं होतं.

सालदारीची बाजू घेतोय असं कुणाला वाटेल. नाही. सालदार बांधलेला असतो, हे आपल्या गावांइतकं कुणाला ठाऊक? पण त्या करारात एक गोष्ट मोलाची आहे. एक आठवडा वाईट गेला म्हणून चूल विझत नाही. फलंदाजाला तर दर आठवड्याला शून्यावर बाद व्हायची मुभा लागते, तेव्हा कुठे सातव्या आठवड्याला दीडशे निघतात.

म्हणून उद्या पोरगा बॅट घेऊन निघाला, तर ‘इंडियात खेळन का?’ हे विचारण्याआधी एक विचारा, आपल्या जिल्ह्यात त्याचं साल धरणारं कोणी आहे का? बँक, कारखाना, सूतगिरणी, नगरपालिका, कुणीही. पाडवा जवळच आहे.