खिडक्यांचीं तीन दरपत्रकें

मीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांना त्रैराशिक शिकविलें; पण स्वतःच्या घराच्या खिडक्या बदलण्याचा प्रसंग आला तेव्हां तीन आंकड्यांपैकीं सर्वांत लहान आंकडा निवडला आणि फसलों.

पुण्यांतील आमचें घर आजोबांनीं 1938 सालीं बांधलें. खिडक्या सागवानी, दोन झडपांच्या. रस्त्याकडच्या दोन खिडक्यांच्या झडपा पावसानें फुगून लागेनाशा झाल्या, म्हणून 2019 सालीं तेथें अल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविल्या. मक्तेदाराचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें दर कमी सांगितला, मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. खालच्या पन्हळींतून पाणी बाहेर जाण्यासाठीं भोकें ठेवावीं लागतात, तीं त्यानें ठेवलींच नव्हतीं. पहिल्याच मोठ्या सरींत पाणी आंत उतरलें आणि खिडकीखालच्या पेटींतल्या आजोबांच्या रोजनिशा भिजल्या. सहा वह्यांपैकीं चार वांचल्या.

यंदां उरलेल्या सहा खिडक्यांचा विषय निघाला तेव्हां आमच्या घरच्या मंडळींनीं बजावलें, "या खेपेस गणित तुम्हीं करा, प्रश्न मी विचारीन."

तीन दरपत्रकें आलीं. पहिल्याचा दर चौरस फुटास 450 रुपये, दुसऱ्याचा 640. एवढ्यावरच निकाल देण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु आमची प्रत्येक खिडकी 50 इंच गुणिले 49 इंच, म्हणजे 17 चौरस फुटांची. पहिल्या गृहस्थानें दोन्ही मापें पुढच्या अर्ध्या फुटापर्यंत वाढवून साडेचार गुणिले साडेचार, म्हणजे सव्वावीस चौरस फूट धरले होते! सहा खिडक्यांचे 102 चौरस फूट त्याच्या कागदावर साडेएकशेएकवीस झाले. त्याचे 54,675 रुपये. वर 18 टक्के कर. जुन्या चौकटी काढण्याचे 3,600 निराळे. डांसांच्या जाळीचे 5,400 निराळे. बेरीज 73,516. दुसऱ्याच्या दरांत कर, जाळी आणि काढघाल सर्व आलें होतें. त्याची बेरीज 65,280. शिवाय पहिल्याची कांच चार मिलिमीटरची, दुसऱ्याची पांच. पांच मिलिमीटर कांचेचें वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरतें. तेव्हां खालचीं चाकेंही तशींच भक्कम हवींत, हें विचारण्याचें मात्र मला सुचलें नाहीं, मंडळींना सुचलें. त्यांनीं दोघांकडून चौकटीचा एकेक फुटाचा तुकडा मागून घेतला आणि भाजीवाल्याच्या कांट्यावर तोलला. पहिला दुसऱ्याच्या पाऊणपटही भरला नाहीं. भाजीवाल्यानें काय समजावें तें समजो.

तिसरें पत्रक प्लॅस्टिकच्या खिडक्यांचें. त्यांत एकच ठोक आंकडा. उन्हानें तें नरम पडूं नये म्हणून त्या चौकटीच्या पोटांत जस्ताचा मुलामा दिलेलें पोलाद घालतात. तें आहे कीं नाहीं, याचा उल्लेख नव्हता. विचारलें तर उत्तर आलें, "सगळें येतें." लिहून मागितलें तेव्हांपासून त्या गृहस्थाचें दर्शन नाहीं.

पहिल्या पत्रकाच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ होती: जुना माल आम्ही नेऊं. मी ती सोय समजलों होतों. मंडळींनीं विचारलें, "ऐंशी वर्षांचें सागवान तो फुकट कां नेणार?" याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. म्हणून आळींतल्या वृद्ध सुतारास बोलावलें. त्यानें पटाशीचें टोंक प्रत्येक चौकटींत टोंचून पाहिलें. चार खिडक्यांच्या झडपांची फक्त खालची पट्टी कुजली होती, वरचें लांकूड जसेंच्या तसें. पश्चिमेच्या दोन मात्र चौकटीपासून गेलेल्या. दर खिडकीस 2,800 रुपयांत पट्टी बदलून, बिजागऱ्या नव्या घालून देतों, म्हणाला. हें चवथें दरपत्रक तोंडी होतें. तेंही मीं लिहून घेतलें. आणखी एक गोष्ट त्यानेंच दाखविली. दोन सरकत्या तावदानांच्या खिडकीची एका वेळीं अर्धीच जागा उघडते. झडपांची पुरी उघडते. वैशाखांत हा फरक लहान नव्हे.

दुसऱ्या मक्तेदारास पश्चिमेच्या दोनच खिडक्या दिल्या. काम घटलें म्हणून त्यानें दर 690 केला. ती तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हे. त्याचे 23,460 आणि सुताराचे 11,200. शेवटचा हप्ता पाणी मारून पाहिल्यावर, असें आधींच ठरविलें होतें. त्याप्रमाणें मंडळींनीं बागेंतली नळी घेऊन दहा मिनिटें दोन्ही खिडक्यांवर धार धरली. मी आंत कंदील घेऊन नव्हे, पण विजेरी घेऊन बसलों होतों. डाव्या खिडकीच्या कोपऱ्यांतून चार थेंब आले. मक्तेदारानें तो कोपरा उकरून पुन्हा भरला, आणि पैसे दुसऱ्या दिवशीं, धार पुन्हा धरल्यावर, दिले.