बालगृहात गेली म्हणजे टाकली नव्हे

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, शेळ्या, मसाल्याची ऑर्डर यांवर बोलतो. आज आम्ही बोलणार आहोत घर असून घर न राहिलेल्या लेकरांबद्दल.

आमच्या ओळखीतली एक मुलगी आहे. तिचं नाव-गाव सांगणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, रेडिओवरसुद्धा. आई वारली, वडील दारूत. आधी मामाकडे, मग आत्याकडे, मग आजीकडे. वर्ष झालं की बोचकं बांधायचं आणि पुढचं दार गाठायचं. तेराव्या वर्षी ती अंथरूण ओलं करायची, भाकरी उशीखाली लपवायची, रागात ताट भिरकवायची. आजी पार थकली. अंगणवाडीताईंनी १०९८ ला फोन केला आणि मुलगी बाल कल्याण समितीपुढे गेली. तिथून बालगृहात. गावात बोलणं सुरू झालं, "पोरीला जेलात टाकली."

मैत्रिणींनो, बालगृह म्हणजे जेल नव्हे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं, ते वेगळं. बालगृह असतं ते ज्यांना सांभाळणारं कोणी उरलं नाही अशांसाठी. मुलाला तिथे ठेवायचं का, हे समिती ठरवते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीपुढे न्यावं लागतं.

आणि २०१५ चा कायदा स्पष्ट सांगतो, की संस्था हा शेवटचा उपाय. आधी घर टिकवायचं. त्यासाठी आपल्या राज्यात बाल संगोपन योजना आहे. मुलाला सांभाळणाऱ्या नातेवाइकांना किंवा एकट्या आईला दरमहा २,२५० रुपये मिळतात. आपल्या वाडीवर कुणी आजी नातवंडं सांभाळत असेल, तर तिचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात पोचवा. वेळेवर हात मिळाला तर पुष्कळ मुलं घरातच राहतील.

पण काही लेकरांचं मन इतकं दुखावलेलं असतं, की मायेच्या माणसालाही ती चावायला धावतात. त्यांना उपचार लागतात. उपचार म्हणजे नुसती गोळी नाही. बालगृहात प्रत्येक मुलासाठी वेगळा काळजी आराखडा करावा लागतो. त्यात तब्येत, शाळा, समुपदेशन, घरच्यांशी संबंध, सगळं येतं. आमच्या मुलीनं तिथेही भाकरी लपवली. तिथल्या मावशी रागावल्या नाहीत. त्यांनी तिला झाकणाचा डबा दिला. म्हणाल्या, "यात ठेव, रात्री भूक लागली तर खा." काही महिन्यांनी डबा रिकामाच राहू लागला. उद्याही जेवण मिळणार, तेच माणूस उद्याही दिसणार, हे तिला पटलं होतं.

सगळीच बालगृहं अशी नसतात. कुठे माणसं कमी, कुठे मुलांना विचारणारं कोणी नाही. म्हणूनच गावानं पाठ फिरवू नये. आमच्या गटातल्या दोघी अधीक्षकांची परवानगी घेऊन दर महिन्याला भेटायला जातात. आम्ही एक नियम पाळतो. "आई कशानं गेली गं?" असं विचारायचं नाही. ती सांगेल तेवढं ऐकायचं. येतो म्हटलं त्या दिवशी जायचंच. सणाला घरी आणायचं तर समितीची परवानगी लागते, ती आधीच मागायची.

येत्या वर्षी तिला अठरा पूर्ण होतील आणि बालगृह सुटेल. खरी कसोटी तेव्हाच आहे. कायद्यात अठरा ते एकवीस वयासाठी अनुरक्षणाची सोय आहे. राहायला अनुरक्षणगृह मिळू शकतं, शिक्षणाला मदत मिळू शकते. पण अर्ज आणि कागद आधी लागतात. म्हणून आम्ही आत्ताच विचारून घेतलं, की आधार, जन्मदाखला, बँकेचं पासबुक, शाळेचा दाखला तिच्या नावानं तयार आहे का. अनाथ मुलांना अनाथ प्रमाणपत्रावर नोकरीत आणि शिक्षणात १ टक्का आरक्षण २०१८ पासून आहे, तेही लक्षात ठेवा.

कागदानं खोली मिळते. ताप आला तर फोन कुणाला करायचा, दिवाळीला जायचं कुठे, हे कागद सांगत नाही. आमच्या गटानं ठराव केला आहे, की तिच्या वहीत आमच्यातल्या तिघींचे नंबर राहतील आणि भाऊबीजेला तिचं पान आमच्याकडे वाढलेलं असेल.

पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीही घ्या. आपल्या गावचं एखादं लेकरू बालगृहात आहे का, याची चौकशी अंगणवाडीताईंकडे करा. नाव चारचौघांत घेऊ नका, पण त्याला विसरूही नका.