रुग्णसेवेतील सवलती : पात्रता, कागदपत्रे आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनप्रसंगी दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवर-परिचय आणि हळदीकुंकू अशा मंगल कार्यक्रमांच्या मध्ये आजारपण, इस्पितळ आणि तहसील कचेरी यांविषयी बोलण्यास कार्यकारी मंडळाने आम्हांस वेळ दिला, याबद्दल आम्ही प्रथम त्यांचे आभार मानतो. विषय रुक्ष आहे, हे आम्ही जाणून आहोत. तथापि ज्या घरात मोठे दुखणे येऊन गेले आहे, त्या घरातील मंडळींना तो रुक्ष वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे जे अर्ज येतात, त्यांत एक गोष्ट सातत्याने दिसते. अर्ज बहुधा शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर येतो. ठेवी मोडलेल्या असतात, दागिने गहाण पडलेले असतात, आणि मग शेवटचा आधार म्हणून ज्ञातीकडे हात पसरला जातो. निधी यथाशक्ति देतो. परंतु दोन-तीन लक्षांच्या देयकापुढे आपल्या निधीची पाच-दहा हजारांची रक्कम म्हणजे समुद्रात ओंजळ. खेदाची गोष्ट ही की, यांपैकी कित्येक कुटुंबे शासकीय योजनेस पूर्णपणे पात्र असतात. दुखणे येण्यापूर्वी कागद सिद्ध असते आणि दाखल होताना योग्य प्रश्न विचारला असता, तर त्यांतील पुष्कळांवर ही पाळी आली नसती.

मग हे का घडते? आमच्या मते दोन कारणे आहेत. पहिले अज्ञान, आणि दुसरे संकोच. अज्ञान माहितीने जाते. संकोच मात्र अधिक चिवट असतो. “आपण काही फुकट्यांपैकी नव्हे”, असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. हा अभिमान सदोष आहे, असे आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो. शासनाच्या योजनेतला पैसा आपणच भरलेल्या करांतून येतो. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक न्यास म्हणून सवलती मिळालेल्या असतात व त्या बदल्यात गरीब रुग्णांची सेवा हे त्यांचे कायदेशीर बंधन असते. हक्काची वस्तू मागण्यात दैन्य नाही. सावकाराच्या ओट्यावर बसण्यात मात्र ते निश्चित आहे.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळतो. पहिली योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आपल्या राज्यात १९९७ साली दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आरंभली गेली व २०१३ च्या नोव्हेंबरात ती सर्व राज्यभर पसरली. २०१७ साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. पूर्वी कुटुंबामागे वर्षाला दीड लक्ष रुपयांची मर्यादा होती. २०२३ सालच्या शासननिर्णयाने ती पाच लक्ष करण्यात आली, व २०२४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. मूत्रपिंडरोपणासाठीची अडीच लक्षांची मर्यादाही त्याच निर्णयाने साडेचार लक्षांवर नेण्यात आली.

पात्रतेविषयी आपल्यात मोठा गैरसमज आहे. पूर्वी ही योजना मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती होती; पांढरी शिधापत्रिका असलेल्यांत केवळ काही ठरावीक जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांचा समावेश होता. त्यामुळे “आपले कार्ड पांढरे, आपल्याला काही नाही”, हे वाक्य घरोघरी रूढ झाले. २०२३ च्या निर्णयाने ही भिंत पडली. पिवळी, केशरी वा पांढरी, कोणत्याही रंगाची शिधापत्रिका असलेले कुटुंब, तसेच राज्याचा अधिवास दाखला असलेले कुटुंब यांना योजनेत स्थान मिळाले. ही एकच गोष्ट आपण आज घरी घेऊन गेलात, तरी आमच्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

मर्यादा माणशी नसून सर्व कुटुंबाची मिळून आहे, हे ध्यानी ठेवावे. एका सभासदाने चार लक्ष वापरले, तर त्या वर्षात इतरांसाठी एक लक्ष उरतो. पूर्वीपासून असलेला आजार या योजनेत अपात्र ठरत नाही. रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षातील खाट, शुश्रूषा, शस्त्रवैद्य व भूलतज्ज्ञ यांचे शुल्क, औषधे, तपासण्या, शरीरात बसवावयाची साधने आणि रुग्णाचे भोजन हे सर्व ठरलेल्या रकमेत अंतर्भूत असते. घरी परतण्यासाठी राज्य परिवहनाच्या गाडीचे अथवा रेल्वेच्या द्वितीय वर्गाचे भाडेही त्यात धरलेले आहे, हे फारच थोड्यांस ठाऊक असते. स्वतंत्र खोली हवी असल्यास मात्र ही योजना त्यासाठी नाही. तसेच नुसत्या बाह्यरुग्ण तपासणीचा खर्चही तीत बसत नाही.

अर्जाची रीत अशी. नियोजित शस्त्रक्रिया असेल, तर प्रथम ते रुग्णालय योजनेत अंगीकृत आहे काय, आणि नेमका तो उपचार तेथे योजनेखाली होतो काय, असे दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे. पुष्कळ रुग्णालये काही ठरावीक विशेषज्ञ-सेवांसाठीच अंगीकृत असतात, आणि काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. १५५३८८ अथवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकांवर ही माहिती मिळते. अंगीकृत रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा सेवक नेमलेला असतो. दाखल होण्याच्या खिडकीवर जाण्यापूर्वी त्यास भेटावे. शिधापत्रिका व आधारपत्र अथवा छायाचित्र असलेले अन्य ओळखपत्र दाखविल्यावर तो नोंदणी करतो. डॉक्टर रुग्णाचे कागद पाठवितात. आणि पूर्वमान्यता आल्यावर उपचार होतात. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार आरंभता येतात व कागद मागून ठरलेल्या मुदतीत सादर करता येतात. ही योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरावे आणि मागाहून सरकारकडून परत घ्यावे, अशी पद्धत तीत नाही. म्हणून खाजगी रुग्ण म्हणून पैसे भरून दाखल होणे आणि तीन दिवसांनी योजनेची आठवण होणे, हा क्रम घातक आहे. योजनेखाली दाखल असताना कोणी पैसे मागितले, तर ते देण्यापूर्वी आरोग्यमित्रास सांगावे व वरील क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एवढे करूनही द्यावे लागलेच, तर पावती घेतल्याखेरीज देऊ नये.

येथे एका कुटुंबाची हकीकत सांगणे आम्हांस अवश्य वाटते. नावगाव सांगत नाही. लग्न होऊन तीन वर्षे झालेल्या एका सुनेच्या हृदयाची झडप बदलणे प्राप्त झाले. उपचार योजनेत होता, रुग्णालय अंगीकृत होते, सासरची शिधापत्रिका केशरी होती. पण लग्नानंतर माहेरच्या शिधापत्रिकेतून तिचे नाव कमी झाले आणि सासरच्या शिधापत्रिकेत ते कधी चढलेच नाही. आधारपत्रावर माहेरचे आडनाव, दवाखान्याच्या कागदावर सासरचे. कागदोपत्री ती बाई कोणत्याच घरची नव्हती! लग्नाच्या पत्रिका हजार छापल्या, आहेराची यादी चार पाने झाली, आपल्या ज्ञातिसूचीतही तिची नोंद झाली; राहिली ती शिधापत्रिकेची एक ओळ. शस्त्रक्रिया लांबविता येण्याजोगी नव्हती, म्हणून तिच्याच पाटल्या आणि सासूबाईंचा गोफ गहाण टाकून पैसे उभे केले. बाई सुखरूप घरी आली, ही ईश्वराची कृपा. पाटल्या अद्याप आलेल्या नाहीत.

या हकीकतीत कोणी दुष्ट नाही. केवळ एक काम “सवडीने करू” म्हणून राहिले. योजना कुटुंब ओळखते ते शिधापत्रिकेवरच्या नावांवरून. म्हणून नवी सून, जन्मलेले मूल, विभक्त झालेला भाऊ, या प्रत्येक बदलाची नोंद वेळीच व्हावयास हवी. नावातील लेखनही दोन्ही कागदांवर सारखे असावे.

दुसरी सवलत धर्मादाय रुग्णालयांतील आहे. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात, ज्यास आज महाराष्ट्राचे नाव आहे, ४१ कक हे कलम आहे. त्यान्वये न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीने राखावयाच्या असतात. याची तपशीलवार योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केली. प्रत्येक रुग्णालयाने इतर रुग्णांच्या देयकांतील दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आणि ती याच कामी वापरावयाची, असे त्यात ठरले. अर्थात ही खाट म्हणजे कोणा विश्वस्ताची मेहेरबानी नव्हे.

पात्रता कौटुंबिक वार्षिक उत्पन्नावर ठरते. २००६ साली ही मर्यादा निर्धनांसाठी पंचवीस हजार व दुर्बल घटकांसाठी पन्नास हजार होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन २०२५ साली अनुक्रमे एक लक्ष ऐंशी हजार व तीन लक्ष साठ हजार रुपये होती. लहान दुकानात वा खाजगी पेढीत काम करणारी आपली अनेक कुटुंबे या दुसऱ्या वर्गात सहज बसतात. आणि मध्यमवर्गीय म्हणवून घेण्याच्या सवयीमुळे तीच कुटुंबे विचारावयास जात नाहीत. निर्धनाचा उपचार सर्वस्वी मोफत होतो. दुर्बल घटकातील रुग्णास सवलतीच्या दराने देयक दिले जाते. औषधे व साधने खरेदीच्या किमतीत लावली जातात, आणि त्यातील किमान निम्मी रक्कम रुग्णाने द्यावयाची असते. पुराव्यादाखल तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेखालील पत्रिका चालते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे हे कागद लेखी अर्जासह द्यावे व पोच घ्यावी. नकार मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी दाराशी अडवून न ठेवता त्याच्यावर प्रथम आवश्यक ते उपचार करणे, हेही या रुग्णालयांचे बंधन आहे.

तिसरी गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र शासनाने सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना पत्रिकेद्वारे वर्षाला पाच लक्ष रुपयांपर्यंतचे उपचार देऊ केले आहेत. वय आधारपत्रावरून धरले जाते. म्हणून जन्मतारीख चुकीची असल्यास ती आधी दुरुस्त करून घ्यावी. पतिपत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतील निवृत्तांनी दोहोंपैकी एक निवडावयाची आहे. खाजगी विमा असणाऱ्यांस मात्र आडकाठी नाही. याबाबतची चौकशी १४५५५ या क्रमांकावर होते.

आपले काही ज्ञातिबांधव गोमंतकात स्थायिक आहेत. त्यांच्यासाठी तेथील शासनाने २०१६ साली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना सुरू केली. तीत गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्य ही मुख्य अट आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लक्ष व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लक्ष रुपयांची मर्यादा तीत ठेवण्यात आली.

असो. माहिती पुष्कळ झाली. आता मागणे थोडके. येत्या दिवाळीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने तीन कामे करावी. एक, शिधापत्रिका बाहेर काढून घरातील प्रत्येक माणसाचे नाव तीत आहे काय, आणि ते आधारपत्राशी जुळते काय, हे पाहावे. दोन, ज्यांचे उत्पन्न उपर्युक्त मर्यादेत आहे, त्यांनी तहसीलदाराचा दाखला काढून ठेवावा व मुदत संपताच नवा घ्यावा. तीन, सत्तरी ओलांडलेल्यांची पत्रिका काढून घ्यावी. मंडळासही आमची एक सूचना आहे. प्रत्येक विभागात दोन तरुण व एक भगिनी अशी तिघांची समिती नेमावी आणि ज्यांस कचेरीची पायरी चढणे जड जाते, त्यांच्याबरोबर तिने जावे. यास द्रव्य लागत नाही, केवळ वेळ लागतो. मग आपला निधी ज्यांस कोणत्याच योजनेत जागा नाही, अशांच्या उपयोगी पडेल. आणि खरोखर त्यांच्यासाठीच आपल्या पूर्वसूरींनी तो उभारला आहे.

आपल्या वडिलांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या ठेवल्या, आणि त्यायोगे ज्ञातीतील मुले शिकली. त्या शिकलेल्या मुलांनी आता आपल्या आईबापांचे, काकामामांचे अर्ज लिहून द्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.