जमिनीचा कागद आणि विद्यापीठाचं दार

(जुना जालना येथील मेळाव्यात झालेले भाषण)

जमिनीच्या मेळाव्यात शिक्षणाचं कशाला काढलं, असं सकाळपासून काही जण विचारतात. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, एवढंच आम्हाला आज सांगायचं आहे.

बारावी झालेल्या लेकराला पुढं जायचं तर मार्क लागतात, हे खरं. पण नुसत्या मार्कांवर भागत नाही. जमातीचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्याची वैधता लागते. महादेव कोळी असल्याचा दाखला दाखवून मेडिकलला प्रवेश घेतल्याचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1994 साली कोर्टानं सांगितलं, दाखले तपासायला समित्या नेमा. 2001 पासून महाराष्ट्रात त्याचा कायदाच लागू झाला. तपासणी पाहिजेच. आपल्याला शंभरात 7 जागा, त्यात खोटा आदिवासी घुसला तर आपलंच ताट जातं.

पण चाळणी लावली खोट्यासाठी, आणि अडकतो खरा. समिती 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा पुरावा बघते. तेव्हा आपले आजे-पणजे कुठं होते? ज्याच्या नावावर जमीन होती, त्याचं नाव महसुलाच्या जुन्या दप्तरात निघतं. जो शाळेत गेला, त्याचं नाव शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात निघतं. आपला भिल्ल, आपला पारधी रानात होता, गायरानात होता, दुसऱ्याच्या बांधावर होता. त्याच्या नावावर ना जमीन, ना शाळा. त्यात हा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. जुना कागद निघालाच तर उर्दूत, तो वाचणारा शोधा.

म्हणजे बघा, ज्यांनी आज्याला जमीन दिली नाही, तेच आज नातवाला म्हणतात, जमिनीचा कागद आण. विद्यापीठाचं दार तलाठ्याच्या दप्तरातून उघडतं, ते असं.

आता पैशाचं. शासकीय वसतिगृहात जागा थोड्या. ज्याला जागा मिळत नाही त्याच्यासाठी 2016 साली स्वयम योजना आली. औरंगाबादसारख्या महापालिकेच्या शहरात वर्षाला 51,000 रुपये ठरले. त्यातले राहण्याचे 15,000. महिन्याला साडेबाराशे! एवढ्यात औरंगाबादेत खोली कोण देतं? आणि पैसा हप्त्यानं येतो, घरमालक मात्र महिन्याच्या महिन्याला भाडं मागतो. मधल्या काळात पोरगं उसनवारी करतं, नाहीतर बाप उचल घेऊन ऊसतोडीला जातो.

वसतिगृहाची खानावळ बंद करून खात्यात पैसे टाकायचं सरकारनं 2018 साली काढलं. तेव्हा आपली पोरं पुण्याहून नाशिककडं पायी निघाली होती. उपाशी पोटी अभ्यास होत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. जालना जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून आपल्या कामाला औरंगाबादच्या प्रकल्प कार्यालयात खेटे घालावे लागतात. एका सहीसाठी बापाची मजुरी बुडते.

तिसरी गोष्ट, आत गेल्यावरची. डॉ. पायल तडवी जळगावकडची, आपल्या तडवी भिल्लांची लेक. मुंबईत डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. 22 मे 2019 ला ती गेली. जातीवरून छळ झाला असं तिच्या घरच्यांनी सांगितलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिची आई सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, दुसऱ्यांच्या लेकरांसाठी गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2012 चा नियम आहे की प्रत्येक कॉलेजात समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाची तक्रार घ्यायला अधिकारी असावा. पोरांनो, तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण, त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर उद्या जाऊन विचारा. लेखी विचारा, आणि पोच घ्या.

ज्या 1950 सालचा कागद आपल्याला मागतात, त्याच साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच पुढं मिलिंद कॉलेज झालं. दार नुसतं उघडून चालत नाही, आत आलेल्याला जेवण आणि निवाराही लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. आपलं मागणं त्याहून वेगळं नाही. कोणी याला भीक म्हणत असेल तर म्हणू द्या.

म्हणून गावाला गेल्यावर इतकं करा :

1. वनहक्काच्या नाहीतर गायरानाच्या दाव्यासाठी जुना कागद काढाल, तेव्हा त्याच्या दोन नकला काढा. एक दाव्याला, एक लेकराच्या दाखल्याला.

2. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच टाका. प्रवेशाच्या तोंडावर धावपळ नको.

3. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून वंशावळ लिहून घ्या. ती माणसं आहेत तोवर घ्या.

4. गावातलं कोणतं लेकरू कुठं शिकतं, त्याचा हप्ता आला का, हे दर बैठकीत विचारा. पोरगी शिकत असेल तर आधी तिचं विचारा.

आणि सरकारला आपलं सांगणं : राहण्याचा पैसा खऱ्या भाड्याएवढा करा, हप्ता वेळेवर टाका, वसतिगृहं वाढवा, आणि ज्याच्याकडं कागद नाही त्याच्या गावात येऊन चौकशी करा.

जमीन हाताला पाहिजे आणि पुस्तकही हाताला पाहिजे. आपल्याला हात दोन आहेत.

जल, जंगल, जमीन — आणि शिक्षण! जोहार!