‘शांतता राखा’ची पाटी
(जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या वार्षिक अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



निमंत्रणपत्रिकेबरोबर मला एक चिठ्ठी आली. ‘भाषणात राजकीय विषय टाळावेत, ही नम्र विनंती.’ मी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. दर्शनी पानावर तीन पुढाऱ्यांचे फोटो, मलपृष्ठावर चौथ्याचा. ग्रंथाचा एकही नाही. माझ्या शेजारची ही गादीची खुर्ची आमदारसाहेबांसाठी राखलेली आहे, ते वाटेत आहेत म्हणे. राजकारणाला गादीची खुर्ची आणि ग्रंथपालाच्या तोंडाला कुलूप, असा हा बेत दिसतो. तेव्हा ती नम्र विनंती मी तितक्याच नम्रपणे नाकारते.

दुपारच्या सत्रात ठराव क्रमांक चार येणार आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकीय चर्चेला कायमची बंदी. सूचक आणि अनुमोदक दोघंही माझे जुने स्नेही, एकाच एसटीनं आम्ही पंचवीस वर्षं मीटिंगांना गेलो. माझं भांडण त्यांच्याशी नाही, ठरावाशी आहे.

हा ठराव का आला ते सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी ग्रुपवर विचारलं, ‘अनुदानाचा दुसरा हप्ता कुणाला मिळाला का? तरतूद मंजूर आहे, तर अडलंय कुठे?’ दहा मिनिटांत ती पोस्ट काढून टाकली गेली. खाली ॲडमिनची टीप: ‘कृपया राजकीय पोस्ट नको.’ त्याच दिवशी सकाळी एका नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर तिथं लागलं होतं, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मी मोजले, सत्तेचाळीस. ते बॅनर अजून तिथंच आहे. वर पाहून नमस्कार केला की तो शिष्टाचार, आणि वर पाहून प्रश्न विचारला की ते राजकारण!

त्या बाईंचा प्रश्न किती पैशांचा होता? २०२२ साली अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तोपर्यंत ‘ड’ वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत. महिन्याला अडीच हजार. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल, आणि उरलं तर ग्रंथपाल. आपल्यातल्या कितीतरी जणी त्या ‘उरलं तर’मध्ये म्हाताऱ्या झाल्या. आणि हे असं का, याचं उत्तर वर्गीकरणाच्या कोष्टकात सापडत नाही, कायद्यात सापडतं. मद्रासचा ग्रंथालय कायदा १९४८ चा, ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या खटपटीतून झालेला. त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात उपकर नाही. तिकडे घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा वाटा वसूल होतो. आपल्याकडे दर वर्षी विधिमंडळानं मंजूर करायचं, खात्यानं सोडायचं, आणि आपण कार्यालयात फोन करत बसायचं. उपकर हवा की नको, हा आपल्या धंद्याचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तो राजकीय नसेल तर मला राजकारण या शब्दाचा अर्थ कळलेला नाही. आणि तो ग्रंथपालांच्या ग्रुपवर विचारायचा नसेल, तर काय, वधूवर मंडळाच्या ग्रुपवर विचारायचा?

‘आपण सरस्वतीचे सेवक, आपल्याला राजकारणाशी काय करायचंय’ असं एक सुभाषित आपल्या सभांमधून फार फिरतं. जरा जुनी कपाटं उघडा. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, गावोगाव वाचनालयं काढली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या सुरू केल्या. त्याच्या काही वर्षं आधी त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. पोरं वाचायला शिकणार तर त्यांना वाचायला काहीतरी हवं, हा राज्यकर्त्याचा हिशेब होता. १९३९ साली मुंबई प्रांतातल्या ग्रंथालयांसाठी फैजी समिती नेमली, तीही बाळासाहेब खेरांच्या सरकारनंच. आपलं हे खातं, हा ‘अ-ब-क-ड’ वर्ग, तुमची-माझी नेमणूक, सगळं कुठल्या ना कुठल्या सभागृहात हात वर झाले म्हणून आहे.

आता पुस्तकांकडे येते. डिसेंबर २०२२ आठवतो? कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाला आणि काही दिवसांत शासनानं तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. वर्तमानपत्रं भरून वाहत होती. आणि आपला ग्रुप? तिथं हळदीकुंकवाचे फोटो होते. त्याच आठवड्यात एका वाचनालयाच्या संचालकाचा मला फोन आला. ‘बाई, ते बंदी आलेलं पुस्तक आमच्याकडे आहे, फळीवरून काढू का?’ मी म्हटलं, अहो, पुरस्कार रद्द झालाय, पुस्तकावर बंदी आलेली नाही! या दोन गोष्टींतला फरक ग्रंथपालाला कळायलाच हवा. बंदी आली तर अधिसूचना निघते, तिला न्यायालयात आव्हान देता येतं. पण हा फरक समजावून सांगायची जागा कुठे होती? ग्रुपवर लिहिलं असतं तर ती ‘राजकीय पोस्ट’ झाली असती. मग जिल्ह्यातल्या किती फळ्यांवरून ते पुस्तक गुपचूप कपाटात गेलं, कुणी सांगावं?

आणि ५ जानेवारी २००४ ला जमाव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत मोडतोड करत शिरला, तेव्हा त्यानं कपाटांना विचारलं नव्हतं, तुम्ही राजकारणात आहात का म्हणून.

माझ्या वाचनालयात वर्तमानपत्रांचं लांब टेबल होतं. रोज सकाळी आठला दोन आजोबा समोरासमोर बसत. एकाचं वर्तमानपत्र एका बाजूचं, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूचं. साडेआठला वादाला तोंड फुटायचं. मी काउंटरवरून ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवायची. आवाज खाली यायचा, वाद चालूच राहायचा. तीस वर्षांत मी त्यांना ‘विषय बदला’ असं एकदाही म्हटलं नाही. ती पाटी आवाजासाठी असते, मतासाठी नसते. पुढे त्यांतले एक आजोबा गेले, तर दुसरे महिनाभर आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी गेलेल्याचं वर्तमानपत्र मागून घेतलं.

ठराव आणणाऱ्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे, खोटं कशाला बोलू. निवडणुकांच्या दिवसांत आपल्या ग्रुपवर जे चाललं ते लाजिरवाणं होतं. जातीवरून टोमणे, कुठून तरी उचललेले व्हिडिओ, एका भगिनीला तर वैयक्तिक इतकं बोललं गेलं की ती ग्रुप सोडून गेली. तिची माफी कुणी मागितलेली मला ठाऊक नाही. आज ती इथं असेल तर मी मागते. पण त्यावरचा इलाज आपल्याच हातात आहे, आपण वर्गीकरण करणारी माणसं आहोत. दशांश वर्गीकरणात ३२० म्हणजे राज्यशास्त्र, रंगनाथनांच्या कोलन वर्गीकरणात ‘डब्ल्यू’. तो वर्ग भांडखोर आहे म्हणून आपण ३१९ वरून थेट ३३० वर उडी मारत नाही. पुस्तक आलं की लेखक, प्रकाशक, साल बघतो. तसंच ग्रुपवर विचारावं: शासन निर्णय कुठला, तारीख काय, ग्रंथालयाशी संबंध काय. संबंध नाही, आधार नाही, तर काढून टाका. शिवी आली तर माणसालाच काढा. पण मग वाढदिवसाचं बॅनरही काढा, त्याचा तर ग्रंथालयाशी काडीचा संबंध नाही.

कुणीतरी मागे पुटपुटलं, ‘बाई निवृत्त झाल्या, त्यांचं काय जातंय!’ बरोबर. माझं अनुदान आता कुणी अडवू शकत नाही, तुमचं अडवू शकतात. भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. फक्त ठरावात तसं लिहा. ‘आम्हाला भीती वाटते, म्हणून आम्ही बोलणार नाही,’ असं लिहा, मी सही करते. ‘आम्ही व्यावसायिक आहोत म्हणून बोलणार नाही,’ असं मात्र लिहू नका. त्यावर माझं मत विरोधात, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्या.

दारात हार घेऊन धावपळ दिसतेय, म्हणजे साहेब आले. या, साहेब, बसा, खुर्ची तुमचीच आहे. हार नंतर. आधी त्या बाईंना उठू दे, तिसऱ्या रांगेत बसल्यात त्या. बाई, तो हप्त्याचा प्रश्न आता इथंच विचारा. माईक त्यांच्याकडे द्या.